वालाच्या पानाचा आवाज

वीज गेली, लूम थांबले, आणि बंद दाराआड माधवी हसली. घडलं ते एवढंच. अच्युत तेव्हा गॅलरीत चहाचे दोन कप घेऊन उभा होता. भिवंडीत वीज जाते तेव्हा आधी अंधार होत नाही, आधी शांतता होते. निजामपुऱ्यापासून पार नाक्यापर्यंत दिवसरात्र चाललेली यंत्रमागांची ती खटखट एकदम गप्प होते आणि मग माणसांना कळतं, की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो. समोरच्या गल्लीत कुणीतरी ‘अबे, माचिस दे’ असं अजून लूमच्याच पट्टीत ओरडला आणि स्वतःच्या आवाजाने दचकून हळू झाला. त्या शांततेत खालच्या कोठीच्या खोलीतून माधवीचं हसू वर आलं. मोठं नव्हतं. ओठ मिटून नाकातून येणारं तिचं ते जुनं हसू, जे तिने फक्त आपल्यासाठी राखून ठेवलंय अशी अच्युतची इतकी वर्षं समजूत होती. आणि त्याच्या मागोमाग हितेशचा आवाज, “मॅडम, बोललं! बघा ना, बोललं!” चहावर साय धरायला लागली होती. अच्युतने एक कप कठड्यावर ठेवला आणि दुसरा हातात तसाच धरून राहिला.

यात दचकण्यासारखं काही नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. समजावण्यात तो तरबेज होता; कॉलेजात वीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, त्याची बायको माधवी त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान. हितेश इलेक्ट्रॉनिक्सचा, तिशीतला, कामतघरचा. त्याच्या बापाच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती, आणि घरात लक्ष्मी पाणी भरत असताना हा पोरगा सोल्डरिंगच्या धुरात रमायचा. माधवीची पीएच.डी. इतकी रेंगाळली होती, की नातेवाइकांनीसुद्धा त्याबद्दल विचारायचं सोडलं होतं. आता विद्यापीठाने निर्वाणीचं कळवलं होतं, की यंदा काम पुरं करा, नाहीतर नोंदणी रद्द. येत्या शुक्रवारी तिच्या गाईडबाई स्वतः मुंबईहून येऊन यंत्र चालताना बघणार होत्या. त्यांना पटलं तर प्रबंध, नाही पटलं तर माधवीच्या आयुष्याची इतकी वर्षं त्या कोठीच्या खोलीत धूळ खात पडणार, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. तिघांनाही! घरात हल्ली तिघं असतात हे अच्युतच्या मनात असं सहज येऊन गेलं आणि त्याला चहा कडू लागला.

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी तिथे वर्षाचे तांदूळ असत. आता तिथे स्कूटरच्या दोन अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर कडाप्प्याची लादी तोलून ठेवली होती, म्हणजे जमिनीची थरथर वर चढू नये. लादीवर गाडीच्या हेडलाइटचा बल्ब, त्याच्यापुढे गरगरणारी, खाचा पाडलेली पत्र्याची चकती. चकती उजेड कातरायची. सरळ येणाऱ्या उजेडाचे बारीक बारीक तुकडे व्हायचे. पुढे बाटलीच्या झाकणाएवढी पितळेची वाटी, तिच्या बुडाला काच, कडेला मायक्रोफोन, आणि तोंडावर झाकणासारखं अलगद दाबलेलं वालाचं पान. पान खुडलेलं नाही, कुंडीतल्या वेलीवरच असलेलं, जिवंत. पान उजेड पितं, पण सगळा पचवत नाही. थोड्याचं अन्न करतं, थोडासा तांबूस होऊन परत जातो, आणि उरलेल्याची नुसती ऊब होते. उजेड तुकड्यातुकड्यांनी आला की ऊबही तुकड्यातुकड्यांनी येते, वाटीतली चिमूटभर हवा फुगते, आक्रसते, आणि तोच आवाज. मग माधवी एक दुसरा, प्रखर, न कातरलेला दिवा पानावर सोडायची. त्या दिव्याने पानाची भूक भागते. कातरलेल्या उजेडातलं मग त्याला काही घेता येत नाही, सगळ्याची ऊब होते आणि आवाज चढतो. आधीचा आवाज आणि चढलेला आवाज, यांच्यातला फरक म्हणजे पानाने स्वतःसाठी ठेवून घेतलेलं. ती पानाची कमाई. हे सगळं ऐकायचं म्हणजे भिवंडीतले लाखो लूम बंद हवेत. ते बंद होतात शुक्रवारच्या सुट्टीला, नाहीतर वीज गेल्यावर. त्यामुळे भारनियमनाला अख्खं गाव शिव्या घालायचं आणि माधवी बॅटऱ्या भरून त्याची वाट बघत बसायची.

पण तिच्याही आधीपासून त्याची वाट अच्युत बघत होता, हे कुणाच्या लक्षात होतं? या घरात लग्न होऊन आल्यावर माधवीने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, तुम्ही सगळे एकमेकांवर चिडलेले आहात का? चिडलेलं कुणी नव्हतं. घराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता, आणि ‘भात वाढ’ हेसुद्धा खेकसूनच सांगावं लागायचं. प्रेमाचं बोलणंही ओरडून करावं लागलं तर त्यात फार काही उरत नाही. नीरजा झाली, वाढली, पुण्याला शिकायला गेली, तोवर नवराबायकोची सगळी बोलणी कामापुरती, ठळक अक्षरांत झाली होती. मग गेल्या काही वर्षांत दुपारचं भारनियमन सुरू झालं. सकाळचं कॉलेज आटोपून दोघं घरी येत, जेवत, आणि वीज गेली की गॅलरीत बसत. पहिल्या दुपारी माधवी काहीतरी म्हणाली आणि अच्युतला तिचा खरा आवाज ऐकू आला. थोडा घोगरा होता. शब्दाच्या शेवटी ती श्वास सोडायची. इतक्या वर्षांत हे त्याला माहीत नव्हतं! त्या तासात त्यांनी काय काय बोलून घेतलं. तिला नोकरी सोडावीशी वाटत होती ते, त्याच्या वडिलांच्या आजारपणात तिला आलेला राग, नीरजाच्या वेळची भीती. सगळं कुजबुजत, कारण शांततेत तीन घरांपलीकडचा कुकरही ऐकू यायचा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर अच्युत पुन्हा आपल्या बायकोच्या प्रेमात पडला होता आणि हे त्याने तिला सांगितलं नव्हतं, कारण असल्या गोष्टी सांगायच्या नसतात असं त्याला शिकवलेलं होतं. आता तो तास तिने पानाला दिला होता. पानाला आणि हितेशला.

आणि पान तरी कुणाचं? ही सगळी कल्पनाच मुळात कुणाची? लग्नानंतर दोघं वज्रेश्वरीला गेली होती. देवीचं दर्शन झालं, आणि मग गरम पाण्याच्या कुंडाशी पायऱ्यांवर बसून माधवी त्याला सांगत होती, की शंभर वर्षांपूर्वी कुणी एकाने उजेड कातरून बंद नळीतल्या वस्तूवर सोडला आणि वस्तू गायला लागली. काजळी तर फारच छान गाते म्हणे. तिचे पाय पाण्यात होते, साडीचा काठ भिजला होता, आणि अच्युत तिच्या पायांकडे बघत म्हणाला होता, “मग पानंसुद्धा गात असतील. त्यांना तरी कुठे सगळा उजेड पचतो?” ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. तसं त्याच्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. तेव्हा ती हसली होती, ओठ मिटून, नाकातून. प्रबंधात हे कुठे येणार होतं? ‘वज्रेश्वरीच्या कुंडावर माझ्या पतीने’ असं कुणी लिहितं का! हितेशचं मात्र येईल. ॲम्प्लिफायर हितेशचा, बॅटऱ्या हितेशच्या, कुंड्यासुद्धा हितेशच्या.

कुंड्यांचं तर त्याला फारच लागलं होतं. सुरुवातीला वाल त्यानेच लावला होता, गॅलरीत, चार कुंड्यांत, बी रात्रभर भिजवून, माती चाळून. बायकोच्या यंत्राला आपलं पान, यात त्याला मनातून लग्नाच्या मांडवाइतकं समाधान होतं. आणि एका दुपारी तिने वाटीवरचं पान उचलून उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, “तुझ्या कुंड्यांवर रुई बसते रे.” बसत होतीच. भिवंडीत कशावर बसत नाही? मागच्या कारखान्यातून कापसाची बारीक लव उडायची ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, भातावर, पापण्यांवर बसायची. पानांवर बसली तर उजेड नीट आत जात नसणार, हे वनस्पतिशास्त्राच्या माणसाला काय सांगायला हवं. ती पुढे काहीतरी बोलत होती, पण अच्युत उठून आत गेला. आठवड्याभरात हितेश मोटारसायकलवरून खाडीकडच्या त्यांच्या वाडीतली कुंडी घेऊन आला, स्वच्छ, टवटवीत पानांची. त्या दिवसापासून अच्युतने आपल्या कुंड्यांना पाणी घातलं नाही. मेल्या तर मरू देत. त्यांच्याकडे बघायचंही त्याने सोडलं. खुर्ची फिरवून तो रस्त्याकडे तोंड करून बसायला लागला.

मग घरात ‘हितेश म्हणतो’ सुरू झालं. हितेश म्हणतो तार बदलू या, हितेश म्हणतो पंखा बंद ठेवा, हितेश म्हणतो सरांनी जिन्यावरून जरा हळू उतरावं. स्वतःच्या घराच्या जिन्यावरून हळू! त्याने हितेशचं वागणं बारकाईने बघितलं, अगदी पान तपासावं तसं, उलटून पालटून. हितेश माधवीला वाकून ‘मॅडम’ म्हणायचा, अच्युतला ‘सर’ म्हणायचा, चपला जिन्याखाली जोडून ठेवायचा. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती आणि म्हणूनच अच्युतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाईट काही असतं तर भांडता आलं असतं. एकदा तो काहीतरी निमित्त काढून दार उघडून आत गेला. माधवी हेडफोन लावून बसली होती, डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती. एवढं कान देऊन ती जगातलं काहीतरी ऐकत होती. अच्युतच्या पायांचा आवाज झाला तशी तिने डोळे न उघडता बोट वर केलं. श्श. तेवढंच. ते बोट कितीतरी दिवस त्याच्या डोळ्यांपुढून गेलं नाही. नंतर जेवताना तिने विचारलं होतं, “ऐकायचंय का तुला? ये ना एकदा.” तो म्हणाला, “बघू. पेपर तपासायचेत.” त्याला हितेशच्या कानांवरून उतरलेला हेडफोन नको होता. त्याला हितेशचा हेवा वाटत होता असं म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे हितेश यायचाच नाही. यायचं ते पान. हिरवं, मुकं, तीन पानांच्या झुपक्यातलं मधलं पान, ज्याच्यापुढे त्याची बायको मान कलती करून बसायची. एका पानाचा मत्सर करणारा माणूस लोकांना सांगणार तरी काय?

गुरुवारी सकाळी माधवीला कॉलेजात परीक्षेचं काम होतं आणि हितेश बॅटऱ्या भरून आणायला गेला होता. वाडीतली ताजी कुंडी आणायची राहिली होती. “मी आणतो,” अच्युत म्हणाला. माधवीचा चेहरा इतका उजळला की त्याला तिचा राग आला. निघण्याआधी तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेला, आपलं कपाट उघडलं आणि तपकिरी बाटली रुमालात गुंडाळून खिशात टाकली. डायुरॉन. तण मारायचं औषध. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला तो दरवर्षी ते वापरायचा आणि मुलांना सांगायचा, “याची गंमत बघा. पान हिरवंच राहतं, ताठ राहतं, दिसायला काही फरक नाही. फक्त आतलं काम बंद.” खिशात बाटली घेतली म्हणजे काही ठरवलं असं नव्हतं. माणूस छत्री घेऊन निघतो म्हणजे पाऊस येणारच असं थोडंच आहे.

वाडीत हितेशची आजी होती, पुतळाबाई. वालाच्या मांडवाखाली ती सुपात शेंगा सोलत बसली होती. मास्तरांना बघून उठली, हातानेच बाज झटकली. “बसा मास्तर. पानी पिवाचा कं? ही बगा तुमची कुंडी. रोज सकालचे मी हातान् पानी घालतंय. तुमची बाय सांगून गेली हाय, पानाला हात लावाचा न्हाय, म्हून पोरांना पन इकरं येव देत न्हाय.” अच्युत कुंडी उचलायला वाकला. “बाय लय गुनाची हाय तुमची. इथं बसली का तुमचीच गोष्ट सांगतंय. आमच्या ह्यांना झारांचा सगला कलतं, मना काय कलत न्हाय, अशी बोलते.” हितेशच्या मांडवाखाली, हितेशच्या आजीपाशी येऊन बसते म्हणजे! अच्युतने एवढंच ऐकलं. त्याला झाडांचं सगळं कळतं हे बायकोचं म्हणणं त्याच्या कानांवरून गेलं. रिक्षात कुंडी मांडीवर घेऊन तो घरी आला, खड्डा आला की पान हाताने सांभाळत. घरी कुणी नव्हतं. कोठीच्या खोलीत लादीशेजारी त्याने कुंडी ठेवली, तांब्यात पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि मुळाशी हळूहळू, माती उकरणार नाही अशा बेताने ओतलं. फक्त बघायचंय, असं तो स्वतःशी म्हणत होता. तिला कळतं तरी का, का नुसतीच कानाला लावून बसते, ते बघायचंय. संध्याकाळी माधवीने पान बघितलं आणि म्हणाली, “किती छान आणलंस रे.” त्या रात्री तो गाढ झोपला, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

शुक्रवारी गाव सकाळपासूनच शांत होतं. कबुतरांचे पंख ऐकू येत होते. हितेश लवकर आला, चपला जोडून ठेवल्या, आत गेला. अच्युत गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसला, पण त्याचं सगळं अंग कान झालं होतं. आधी हितेशचा आनंदाचा आवाज आला, “मॅडम, आज तर लई जोरात बोलतंय! मीटरचा काटा बघा!” मग माधवी, “दिवा लाव. पुन्हा लाव. पुन्हा.” आवाज आधीच चढलेला होता आणि दिव्याने तो आणखी चढत नव्हता. अच्युत जिना उतरून दारात जाऊन उभा राहिला. हळू उतरायची आज त्याला आठवण राहिली नाही आणि कुणी बोट वर केलं नाही. हितेशने ॲम्प्लिफायर उघडला होता. “माझंच कायतरी चुकलंय, मॅडम. काल नवीन तार टाकली ना, तीच साली. सॉरी मॅडम. गाईड मॅडम येतील आता. सर, सॉरी.” तो सरांचीही माफी मागत होता! इतके महिने ज्याची वाट बघितली ते हे. हितेशचा पडलेला चेहरा, आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत. अच्युतला बरं वाटलं, खाज सुटलेल्या जागी खाजवल्यावर वाटतं तसं, आणि लगेच तिथे आग व्हायला लागली. माधवी पानाकडे बघत होती. मग ती उठली, दारात उभ्या असलेल्या अच्युतच्या बाजूने, त्याला न लागता, वर गॅलरीत गेली आणि एक कुंडी छातीशी धरून खाली घेऊन आली.

कुंडी त्याची होती. मरू दे म्हणून सोडलेली. वेल हिरवागार होता, आधाराच्या काडीला नव्या दोऱ्याने बांधलेला, माती ओलसर. पानं लखलखीत स्वच्छ होती. कुंडीच्या काठावर मलमलीचा एक ओला तुकडा वाळत घातलेला होता आणि रुई टिपून टिपून तो राखाडी झाला होता. माधवीने त्याच तुकड्याने मधलं पान दोन्ही बाजूंनी पुसलं, सवयीच्या हाताने, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं, आणि वाटीवर ठेवलं. चकती फिरायला लागली. काटा हलला आणि स्थिर झाला. तिने दिवा लावला. काटा चढला. दिवा विझवला, उतरला. पुन्हा लावला, पुन्हा चढला. “म्हणजे मशीन बरोबर आहे!” हितेश जवळजवळ रडत म्हणाला. “मशीन बरोबर आहे,” माधवी म्हणाली. “हितेश, तू नाक्यावर जा. बाई येतील, रस्ता सापडायचा नाही त्यांना.” मोटारसायकलचा आवाज गल्लीतून लांब गेला. कबुतरं पुन्हा ऐकू यायला लागली.

तिने हेडफोन उचलला आणि काही न विचारता त्याच्या कानांवर चढवला. अच्युतला आधी काहीच कळलं नाही. मग लांबून, खूप लांबून भुंग्यासारखा एक सूर आला, एकसारखा, मऊ. त्याच्या वालाचं पान. दिवा लागला आणि सूर भरला, जवळ आला. दिवा गेला आणि पुन्हा मागे सरला. ते मागे सरणं ऐकताना त्याला वज्रेश्वरीच्या पायऱ्या आठवल्या. माधवीने कुंड्या बदलल्या. आता सूर मोठा होता, कर्कशच म्हणावा असा. दिवा लागला, दिवा गेला, तो होता तसाच राहिला. या पानाला उजेड मिळत होता, रंग होता, पाणी होतं. मिळालेल्यातलं ते काही घेत नव्हतं, सगळ्याची नुसती आग करत होतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, तो हेच शिकवायचा. त्याने हेडफोन उतरवला.

“काय घातलंस?”

“डायुरॉन.”

“कधी?”

“काल. पाण्यातून.”

तोंडी परीक्षेतल्या परीक्षकासारखी तिने मान हलवली. अच्युत तिच्या ओरडण्याची वाट बघत होता. ओरडली असती तर त्याला सगळं सांगता आलं असतं. गॅलरी, तो तास, ते बोट, सगळं. ती मलमलीच्या तुकड्याची घडी करत राहिली. “त्या दिवशी रुई बसते म्हटलं, तेव्हा पुढे म्हणत होते की मी पुसत जाईन रोज, सवड झाली की वापरू. तुझंच पान शेवटी लावायचं होतं मला. तू उठून गेलास.” मग खालच्या आवाजात, जणू स्वतःशीच, “मला एकदा विचारायचंस तरी.” बाहेर मोटारसायकल थांबली. माधवीने पदराने चेहरा पुसला आणि दार उघडलं.

गाईडबाई बारीक चणीच्या, फार न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी अच्युतच्या वालाचं पान बघितलं, काटा चढताना उतरताना बघितला, मान डोलावली. “आणि हा फरक पानाच्या कामाचाच आहे, दिव्याच्या उष्णतेचा नाही, हे कशावरून?” त्यांनी विचारलं. माधवीने दुसरी कुंडी पुढे ओढली. “हे डायुरॉन दिलेलं झाड आहे. आतलं काम बंद केलेलं. ह्यांनी तयार करून दिलं.” बाईंनी दिवा लावायला सांगितला, विझवायला सांगितला, आणि काटा जागचा हलला नाही तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. “हेच बघायला आले होते मी. नुसतं जिवंत पान दाखवलं असतंस तर परत पाठवलं असतं तुला.” त्या अच्युतकडे वळल्या. “घरात वनस्पतिशास्त्र असलं की असं होतं बघा. नशीबवान आहे तुमची माधवी.” अच्युतने हात जोडले. दुसरं काय करणार? हितेशने तर त्याला मिठीच मारली. “काय सर! आधी बोलायचं ना! माझी हवा टाईट झालेली, मला वाटलं मी मॅडमचं सगळं घालवलं!” त्याच्या अंगाला सोल्डरिंगचा वास येत होता. अच्युतने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात कधी काढावा हे त्याला समजेना. माधवी दिवे विझवत होती. तिने हितेशला खरं सांगितलं नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. प्रबंधाच्या आभारांत अच्युतचं नाव हितेशच्या वर येणार होतं.

सोमवारी दुपारी वीज गेली. लूम थांबले. अच्युत स्वयंपाकघरात चहा टाकावा की नाही अशा विचारात उभा होता, तेवढ्यात माधवीच दोन कप घेऊन आली आणि गॅलरीत नेऊन ठेवले. खालच्या खोलीचं काम संपलं होतं, ट्यूबमधली हवाही हितेशने सोडली होती. तिने त्याची खुर्ची रस्त्याकडून फिरवून पूर्वीसारखी लावली आणि समोर बसली. त्याला त्याचा तास परत मिळाला होता. पूर्ण, कुणाचीही वाटणी नसलेला. गल्लीत कुणीतरी बादली सरकवली. तीन घरांपलीकडे कुकरची शिट्टी झाली. “चहा बरा झालाय ना? साखर?” माधवीने विचारलं, पाहुण्यांना विचारतात तसं, मनापासून. कठड्याशी दोन्ही वाल शेजारी शेजारी होते. वाडीतल्याची पानं आता कडेने पिवळी पडायला लागली होती आणि माधवीने त्यालाही पाणी घातलेलं दिसत होतं.

“माधवी,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्या शांततेत त्यालाच परका वाटला. तिने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. मग तिची मान किंचित डावीकडे कलली आणि ती थांबली. एवढं कान देऊन, एवढी स्तब्ध. त्याला हवं होतं ते हेच. यासाठीच त्याने सगळं केलं होतं. मला हेवा वाटत होता, पानाचा, मी तुझ्यावर प्रेम करत होतो या गॅलरीत बसून आणि तुला सांगितलं नाही, एवढं म्हणायचं होतं; फार तर दोन वाक्यं. ती ऐकत होती. ती ऐकतच राहिली. अच्युतच्या तोंडातून शब्द फुटेना. कानशिलं तापली, हाताचे तळवे तापले, आणि त्याला वाटलं, हिला हेही ऐकू येत असणार.

तेवढ्यात वीज आली. मागच्या कारखान्यात एक लूम खडखडला, मग दुसरा, मग सगळी गल्ली. माधवीने कप उचलला. अच्युतला हायसं वाटलं आणि तो ओरडून म्हणाला, “साखर बरोबर आहे!”